दुष्काळ जाहीर कोणी करावयाचा?

दामाजीपंतांचे आख्यान आपल्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे. गोमंतकातील एखाद्या सभामंडपात, बाहेर आषाढाची झड लागलेली असता, मंगळवेढ्याच्या अवर्षणाची कथा ऐकून पदराने डोळे टिपणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. श्रोत्यांचे लक्ष बहुधा दोन प्रसंगांवर खिळते. पंत सरकारी कोठारे उघडतात तो एक, आणि देव विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहापुढे थैली ओततो तो दुसरा. आमचे लक्ष मात्र, वकिलीचा धंदा अंगवळणी पडल्यामुळे असेल, एका तिसऱ्याच वस्तूकडे जाते. ती वस्तू म्हणजे पावती. देव रक्कम भरून तसाच परतत नाही. तिची रीतसर रसीद घेतो आणि ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवतो.

ही रसीद कथेत उगीच आलेली नाही. दामाजीपंत हे चाकर, धान्य राजाचे. ते वाटण्याचा हुकूम त्यांस नव्हता, आणि हुकूम मागवून तो येईपर्यंत माणसे जगली नसती. कायद्याच्या काटेकोर भाषेत बोलावयाचे तर सरकारी नोकराने केलेला हा विश्वासघाताचा अपराधच ठरतो. ज्या लोकमानसाने ही कथा जतन केली त्याला पंत निर्दोष वाटत होते ह्यात शंका नाही. तरीही त्यांची सुटका होण्याकरिता सरकारी हिशेब चुकता झालाच पाहिजे, असे त्याच लोकमानसाला वाटले. पंधराव्या शतकातील ह्या प्रसंगाचा कागदोपत्री पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही. कथेने मांडलेला पेच मात्र अस्सल आहे. कोठारात धान्य आहे, दाराशी भुकेलेला माणूस आहे आणि मधे कुलूप आहे. ते कुलूप कोणी आणि कोणाच्या अधिकाराने काढावयाचे?

१६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळात तुकोबांच्या घरची वाताहत झाली, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. दामाजींनी कोठार उघडले, तुकोबांनी खते बुडविली. पहिले धान्यवाटप, दुसरी कर्जमाफी. हे दोन्ही उपाय पुढे राज्यकर्त्यांच्या नियमांत आले, आणि पेशवाईतील तगाई व साऱ्याची सूट हीदेखील त्याच जातीची. परंतु ह्या सर्वांत देणाऱ्याचे पुण्य आहे, घेणाऱ्याचा हक्क नाही. मंगळवेढ्यास दामाजी नसता तर रयतेने दाद कोठे मागावयाची, ह्याचे उत्तर आख्यानात नाही. ते उत्तर शोधू पाहणारा पहिला लेखी नियम आपल्या देशात १८८० नंतर झाला. त्याच्यापूर्वी जे घडले ते सविस्तर सांगितल्यावाचून त्या नियमाचे गुण आणि त्यातील खोट, दोन्ही कळणार नाहीत.

१८७६ साली दख्खनच्या पठारावर पाऊस फसला. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचे राज्य आणि मुंबई इलाख्यातील सोलापूर, सातारा, नगर, पुणे, बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळून निघाले. कलादगी म्हणजे पुढचा विजापूर जिल्हा. त्याचे हाल मुंबई इलाख्यात सर्वांत भयंकर झाले. दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ती अर्धीच खरी. पाऊस गेला की आधी शेतातील काम जाते. ज्याच्या पेवात दाणे असतात असा कुणबी काही महिने तग धरतो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, जो हातमागावर बसतो, ज्याचे बलुते रयतेच्या सुगीवर अवलंबून असते, त्याच्या हातातील पैसा पहिल्याच महिन्यात आटतो. आणि नेमक्या त्याच वेळी बाजारात जोंधळ्याचा भाव दुप्पट-तिप्पट होतो. दुकानात धान्य दिसत असते. ते त्याच्याकरिता नसते. त्या दिवसांत आगगाड्यांनी धान्य आत आणले हे खरे. पण देशातून धान्याची निर्यातही चालूच राहिली, कारण खासगी व्यापाराच्या आड यावयाचे नाही हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या सरकारचा नियम होता.

सरकारकडे अनुभव नव्हता असेही नाही. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बिहारात असाच प्रसंग आला होता. बिहार तेव्हा बंगाल प्रांतात मोडत असे, आणि त्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर रिचर्ड टेंपल (देवळाशी ह्या गृहस्थांचा संबंध नावापुरताच). टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला, कामे काढली, अपंगांस फुकट धान्य वाटले, आणि उपासमारीचे मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात दुष्काळनिवारणाचा इतका यशस्वी प्रयोग दुसरा झाला नाही. त्याबद्दल त्यांना मिळाले काय? उधळपट्टीचा ठपका. तांदूळ उरला, पैसा वाया गेला, रयतेला फुकट खाण्याची सवय लागेल, अशी टीका कलकत्त्यापासून लंडनपर्यंत झाली.

ह्याच टेंपलसाहेबांस लिटन ह्यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत धाडले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस दिल्लीत मोठा दरबार भरून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते. त्या दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताचे कपडे घालून हजर होते. दरबाराच्या थाटात आणि दक्षिणेतील हाडांच्या सापळ्यांत जे अंतर होते ते त्या एका पोशाखाने दाखविले, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

बिहारात ठपका खाल्लेला अधिकारी दक्षिणेत कसा वागेल हे सांगावयास नको. टेंपल ह्यांनी कामावरील मजुराचा रोज ठरविला तो असा: पुरुषास दिवसभराच्या कष्टाबद्दल एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, धान्याची किंमत आणि वर एक आणा, स्त्रिया व मुले ह्यांस त्याहून कमी. शिवाय काम घराजवळ मिळावयाचे नाही. दूरच्या छावणीवर जाऊन राहावयाचे. जो खरा गरजू असेल तोच इतक्या लांब इतक्या थोड्या रोजावर येईल, अशी ही परीक्षा होती. जो इतका गळालेला आहे की चालूच शकत नाही, तो ह्या परीक्षेत गरजू नसल्याचे सिद्ध होत असे! कोणत्याही न्यायालयात असला पुरावा टिकला नसता.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश ह्यांनी ह्याविरुद्ध लेखणी उचलली. कष्ट करणाऱ्या माणसास दिवसास निदान दीड पौंड धान्य, आणि त्याबरोबर डाळ व भाजीपाला मिळालाच पाहिजे. तुरुंगातील कैद्यालासुद्धा ह्याहून अधिक मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी नोकराने सरकारी प्रतिनिधीस अशा रीतीने आकड्यांत पकडावे ही साधी गोष्ट नव्हे. काही महिन्यांनी मद्रास सरकारला कॉर्निश ह्यांच्या दिशेने अर्धी वाट चालून रोज वाढवावा लागला. दरम्यान किती माणसे गेली ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मुंबई इलाख्यात ह्याच वेळी एक विलक्षण प्रकार झाला, आणि आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत त्याला मिळावयास हवी तेवढी जागा मिळालेली नाही. रोज कमी करून दूरच्या कामांवर जाण्याचा हुकूम सुटताच हजारो दुष्काळी मजुरांनी कामेच सोडली. भुकेलेल्यांनी केलेला हा संप होता. सार्वजनिक सभेने गावोगावच्या आपल्या माहितगारांकडून पाऊस, पीक, भाव, स्थलांतर, छावण्यांतील हाल ह्यांची टिपणे मागविली आणि ती तालुकावार मांडून सरकारास अर्जांवर अर्ज केले. हे अर्ज वाचताना जाणवते ती त्यांची शांत, खोचक, पुराव्यावर पुरावा रचीत जाण्याची पद्धत. दयेची याचना त्यांत जवळजवळ नाही. सरकारचे स्वतःचे नियम काय आणि प्रत्यक्ष चालले आहे काय, एवढेच ते पुन्हा पुन्हा समोर ठेवतात.

देवळांच्या व दानशूरांच्या कार्याबद्दल येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा देवस्थानांच्या कारभाराशी संबंध असतो. अन्नछत्र हे दुष्काळात सर्वांआधी उघडते. त्याला मंजुरी लागत नाही, चौकशी लागत नाही, दूरची छावणी लागत नाही. १८७७ मध्ये जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांना जेवू घालण्याची व्यवस्था केली. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम ह्यांनी ऑगस्टमध्ये लंडनकडे मदतीची हाक दिली, तेव्हा तेथील लॉर्ड मेयरच्या पुढाकाराने मोठा निधी जमला. तथापि अन्नछत्राची एक मर्यादा असते व ती प्रांजळपणे मान्य करावी. ते आपल्या गावाला, आपल्या ओळखीच्याला, आणि त्या काळी तर आपल्याच पंक्तीला बसू शकणाऱ्याला आधी पोहोचे. जे सर्वांत आधी मरत होते ते बहुधा पंक्तीच्या बाहेरचे होते. जोतीरावांच्या छत्राचे मोल ह्याकरिताच अधिक.

दुष्काळ १८७८ पर्यंत रेंगाळला. पुढे उत्तरेसही पसरला. ब्रिटिश मुलुखात सुमारे साडेबावन्न लाख माणसे दगावली असा सरकारच्याच आयोगाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याहून वरचे आहेत. म्हैसूर संस्थानाची १८८१ ची शिरगणती १८७१ पेक्षा आठ लाखांहून कमी भरली. ह्या मोजणीत मागे उरणाऱ्यांची नोंद होत नाही. त्या उरलेल्यांपैकीच एक वासुदेव बळवंत फडके. दुष्काळी मुलखातून हिंडून आलेल्या ह्या सरकारी कारकुनाने १८७९ मध्ये बंड उभारले.

सरकारने सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळी नियमावलीचा नमुना तयार होऊन प्रत्येक प्रांताने आपापली नियमावली केली. वकिलाने परकी सत्तेच्या कायद्यांची स्तुती करताना जपून असावे. पण ही नियमावली खरोखरच लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. धान्याचे भाव चढणे, सावकाराने उधारी आखडणे, भिकारी वाढणे, माणसे व गुरे गाव सोडून जाऊ लागणे, ही आगाऊ चिन्हे कोणी पाहावयाची व कोणास कळवावयाची हे तीत लिहिले आहे. धडधाकटास रोजावर काम, आणि म्हातारे, आजारी, लहान मुलांच्या आया ह्यांस गावातच फुकट धान्य किंवा पैसा. साऱ्याची तहकुबी व सूट, तगाई, गुरांचा चारा, सगळे नेमून दिलेले. टेंपल आणि कॉर्निश ह्यांच्यातील भांडण तीत मिटले नाही, पण निदान रोज किती द्यावा ह्याला लेखी माप आले.

खोट होती ती सुरुवातीलाच. नियमावली लागू व्हावयाची कधी? सरकार दुष्काळ जाहीर करील तेव्हा. आधी कसोटीची कामे काढावयाची: रोज कमी, काम भारी. त्यांवर लोकांची झुंबड उडाली तर दुष्काळ आहे असे समजावयाचे. म्हणजे साक्षीदार भुकेलेला आणि न्यायाधीश कलेक्टर. आणि निकाल साक्षीदाराच्या बाजूने लागला तर पैसे न्यायाधीशाच्याच तिजोरीतून जावयाचे. आपल्या अशिलाचाच शत्रू ज्या खटल्यात न्यायासनावर बसला आहे असा खटला आम्ही तरी चालविण्यास घेणार नाही. पिकाची आणेवारी (पुढे पैसेवारी) ठरविताना कलमाच्या टोकावर जो एक-दोन आण्यांचा फरक होतो, त्यात तालुकेच्या तालुके सुटीच्या बाहेर पडू शकत, हे ज्यांनी कचेऱ्यांतून अर्ज केले आहेत त्यांस सांगावयास नको.

हा हक्क कोणाचा आहे ह्याची पारख १८९६-९७ मध्ये झाली. पुन्हा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभा आता टिळकांच्या हाती होती. नियमावली इंग्रजीत, रयत मराठी बोलणारी. सभेने तिचा आशय मराठीत छापून खेडोपाडी वाटला, तिचे लोक गावांत सभा घेऊ लागले, 'केसरी' आठवड्यामागून आठवडा सांगत राहिला की पीक बुडाले असेल तर साऱ्याची तहकुबी ही मेहेरबानी नसून सरकारच्या नियमांतच लिहिलेली आहे, सारा भरण्याकरिता गुरेढोरे विकू नका. ह्यांत बेकायदा काय होते? सरकारने छापलेले सरकारचेच नियम रयतेस वाचून दाखविणे एवढेच. तरी सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. ह्यापुढे सार्वजनिक धोरणाविषयी तिने सरकारशी बोलण्याचे कारण नाही असे ठरले. नियम रयतेकरिता होता, पण रयतेने तो हातात धरणे अपेक्षित नव्हते.

लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात, राजपुताना, माळवा व मध्य प्रांत ह्या भागांत तो विक्रम संवत् १९५६ वरून छप्पन्नचा काळ म्हणून ओळखला गेला. बडोदे व इंदूर येथील आमच्या वाचकांनी जुन्या माणसांच्या तोंडून तो ऐकला असेल. सरकारी मदतीवर त्या वेळी साठ लाखांवर माणसे होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज आपल्या दुष्काळी महालांतून हिंडले आणि त्या दौऱ्याच्या टिपणी १९०१ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. राजाने स्वतः पाहून लिहिलेले म्हणून त्या पुस्तकाचे महत्त्व आहे. पण संस्थानी प्रजेचे नशीब राजाच्या स्वभावावर टांगलेले असे हेही त्यावरून कळते. पुढची चाळीस वर्षे दुष्काळ पडले, पण तेवढ्या प्रमाणावर मृत्यू झाले नाहीत. नियमावली उपयोगी ठरत होती, असे लोक म्हणू लागले.

मग १९४३ साल उजाडले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या, त्यांबरोबर कोळ्यांचा धंदा व खाडीतील धान्याची वाहतूक दोन्ही बसली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धखर्चाने कलकत्त्यात पैशाचा पूर लोटला होता. तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणास तेरा-चौदा रुपये होता, तो मे महिन्यात तिसांवर आणि ऑगस्टमध्ये सदतीस रुपयांवर गेला. खेड्यातील मजुराचा रोज त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. कलकत्त्याच्या कारखान्यांतील व कचेऱ्यांतील लोकांकरिता स्वस्त धान्याची व्यवस्था झाली. त्यांच्या पायरीशी खेड्यातून आलेली माणसे भातदेखील मागेनाशी झाली होती, ती मागत होती भातावरचे काढून टाकलेले पाणी. पेजेवर वाढलेल्या आपल्या कोकणी माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि नियमावली? ती बंगालमध्ये होती, छापलेली होती, कचेऱ्यांच्या कपाटांत होती. बंगाल सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही. कार्यवाह गव्हर्नर सर टॉमस रदरफर्ड ह्यांनी व्हाइसरॉयला त्याचे कारण कळविले. नियमावलीत जितके धान्य माणशी देण्यास सांगितले आहे तितके द्यावयास आपल्यापाशी नाही, म्हणून ती लागू केलेली नाही, असा त्याचा आशय होता. ह्या कारणाचा वकिलाने नीट विचार करावा. देणे फेडता येत नाही म्हणून दस्तऐवजावर सहीच करावयाची नाही, असा हा युक्तिवाद. सावकार-कुळाच्या व्यवहारात तो कोणी ऐकून घेणार नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी 'स्टेट्समन' पत्राचे संपादक इयान स्टीफन्स ह्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील छायाचित्रे छापली तेव्हा बाहेरच्या जगाचे डोळे उघडले, आणि ऑक्टोबरमध्ये आलेले नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांनी सैन्याकडून धान्य खेड्यांत पोहोचविले. म्हणजे ते पोहोचविता येत होते. सर जॉन वुडहेड ह्यांच्या चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास धरली. नंतरचे अभ्यासक एकवीस ते तीस लाख, कोणी त्याहूनही अधिक सांगतात.

अमर्त्य सेन हे ह्या दुष्काळाच्या वेळी बंगालमध्ये शाळकरी मुलगा होते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दाखविले की १९४३ चे तांदळाचे पीक आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून थोडेच कमी होते, आणि ज्या १९४१ साली दुष्काळ पडला नाही त्या सालाहून ते अधिकच होते. पिकाच्या आकड्यांविषयी अजून वाद आहे. परंतु त्यांचा मूळ मुद्दा वकिलीच्या धंद्यात जन्म घालविलेल्यांच्या जिव्हारी लागण्यासारखा आहे. धान्य आणि तोंड ह्यांच्यामध्ये कायदा उभा असतो. मालकीचा, विक्रीचा, वेतनाचा कायदा. बंगालमध्ये त्या कायद्याचा भंग झाला नाही. तो पाळला जात असतानाच माणसे गेली. मंगळवेढ्याच्या कोठारावरचे कुलूप ते हेच.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लोकांच्या सरकारनेही ह्या शब्दाचा धसकाच घेतला. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक अधिनियम करून राज्यातील कायद्यांतून इंग्रजी संज्ञेतला 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला व त्या जागी 'टंचाई' बसविली. सरकार शेतीच्या स्थितीवर सतत नजर ठेवून असते आणि चिन्हे दिसताच मदत पुरविते, तेव्हा दुष्काळास आता वावच उरलेला नाही, असे त्याच्या प्रास्ताविकात कारण दिले आहे. आम्ही पुष्कळ अधिनियम वाचले. एखादे संकट कायद्याने नाहीसे केल्याचे उदाहरण दुसरे आठवत नाही. अवघ्या चार वर्षांनी, २० एप्रिल १९६७ रोजी, बिहारच्या महामायाप्रसाद सिन्हा सरकारने उघडपणे दुष्काळ जाहीर केला. जयप्रकाश नारायण ह्यांची मदत समिती आधीच कामास लागली होती. अमेरिकेच्या गव्हाची मिंधी झालेली ती वर्षे होती आणि जाहीर करण्यात नामुष्की होती. पण जाहीर केल्यामुळेच रेल्वेच्या वाघिणी तिकडे वळल्या.

महाराष्ट्राची पाळी १९७२ मध्ये आली. ओळीने तिसरे वर्ष कोरडे गेले. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्वभाग येथे विहिरी तळाला गेल्या. धान्याचे दरडोई उत्पादन इतके खालावले की त्याच काळात उपासमार चाललेल्या आफ्रिकेतील साहेल प्रदेशाहूनही ते कमी होते, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. तरी साहेलसारखे मृत्यू येथे झाले नाहीत. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध. त्या पिढीच्या स्मरणात लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून आहे. टेंपलसाहेबांच्या छावण्या व ही कामे ह्यांत वरवर पाहता फार फरक नव्हता. उन्हात खडी फोडणे दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चांनी. काम काढा, गावाजवळ काढा, मस्टर वेळेवर भरा, असे ओरडून सांगणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या मागे वर्तमानपत्रे व विधानसभेतील प्रश्न होते. सार्वजनिक सभेला ज्याकरिता मान्यता गमवावी लागली, तेच आता रोज भरदिवसा चालले होते.

ह्यातून जे निघाले त्याला आम्ही दुष्काळी कायद्याच्या इतिहासातील खरा पालट मानतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी साठीच्या दशकात सांगलीच्या तासगाव भागात लहान प्रमाणावर केलेला प्रयोग राज्यभर नेण्यात आला, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खेड्यातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. खर्चाची सोय व्हावी म्हणून शहरातील नोकरदार व धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसला. महाराष्ट्रात वकिली करणाराही तो भरीत आला आहे, आणि ह्या एका कराबद्दल कुरकुर करू नये असे आमचे मत आहे. ह्या अधिनियमात 'दुष्काळ जाहीर झाला असता' अशी अटच नाही. पाऊस पडला की नाही, आणेवारी किती, कलेक्टरचे मत काय, हे कोणी विचारावयाचे नाही. मजुराने अर्ज केला की झाले. १८८३ च्या नियमावलीत जी कळ सरकारच्या हाती होती ती त्याच्या हाती आली.

आली, असे कागदावर तरी म्हणता येते. २००१ मध्ये सरकारी गुदामांत कोट्यवधी टन धान्य साचलेले असता राजस्थानात उपासमार चालली होती, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ह्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने अन्नाच्या सरकारी योजना हा लोकांचा हक्क असल्याचे धरले, आणि शाळांतून शिजविलेले जेवण देण्यास राज्यांना फर्मावले. २००५ मध्ये महाराष्ट्राच्या धर्तीवर केंद्राने देशभराकरिता रोजगार हमीचा कायदा केला. त्यात अर्जदारास तारखेची पोच देण्याची तरतूद होती, कारण पंधरा दिवस मोजावयाचे ते त्या तारखेपासून. भत्ता टाळावयाचा तर काम देण्याहून सोपा मार्ग पुष्कळ कचेऱ्यांस लवकरच सापडला. अर्ज घेत, ठेवून घेत, आणि पोच तेवढी देत नसत.